पाठीवरचा पॉइंट

बावड्याच्या महिपती तात्यांनी चाळीस वर्षांत बोरचे अकराशे पॉइंट काढले, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी बोरची गाडी येईपर्यंत ते थांबले नाहीत.

पद्धत ठरलेली. पाणाड्या म्हणून कुणी बोलावलं की अनवाणी रानात शिरायचं, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि मांजरासारखं पाऊल टाकत हिंडायचं. नारळ शेंडी वर करून उभा राहील तिथं खुंटी ठोकायची, भोवती चुन्याचं रिंगण घालायचं, मालकाचा चहा प्यायचा आणि सायकलवर टांग टाकायची. मालक म्हणायचा, "तात्या, उद्या गाडी येतीय. थांबा की." तात्या म्हणायचे, "थांबलो आसतो, पर उद्या नरसिंहपुरात बोलावणं हाय." हे नरसिंहपूरचं बोलावणं चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. आता नरसिंहपूर म्हणजे भीमा-नीरेच्या संगमावरचं गाव. तीन बाजूंनी पाणी. तिथं पाणाड्याला कोण कशाला बोलावील, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

पाणी लागलं की लोक पेढे घेऊन तात्यांना शोधत यायचे. नाही लागलं तरी शोधतच यायचे, पण तोवर तात्या तिसऱ्या गावात, आणि तीन गावं चालून आलेली शिवी तशीही शिळी होते. नारळाचा लौकिक मात्र वाढत गेला. एकदा म्हणे एसटीत पिशवीतला नारळ ताडकन उभा राहिला, ड्रायव्हरनं गाडी थांबवून बघितलं तर रस्त्याखाली पाइपलाइन फुटलेली! हे सांगायचे तात्याच, आणि दर खेपेला एसटी वेगळ्या रस्त्यानं धावायची.

एकच बोर असा होता, जो तात्यांच्या मागं पळत होता. तो व्याह्याच्या रानातला. तात्यांची लेक संजीवनी गावातल्याच आबाजीच्या घरात दिलेली. पाच वर्षांमागं आबाजीच्या माळावर तात्यांनी पॉइंट दिला, गाडी चारशे ऐंशी फूट खाली गेली, आणि वर आलं काय तर पिठासारखी धूळ. त्या दिवशी आबाजीच्या मिशा पांढऱ्या झाल्या त्या पुन्हा काळ्या म्हणून झाल्या नाहीत. तात्यांनी दुसऱ्या गावाहून निरोप धाडला, "पॉइंट खरा व्हता. खूण हलली आसंल. ढोरानं नायतर ट्रॅक्टरनं खुंटी सरकवली, त्याला मी काय करू?" तेव्हापासून आबाजी त्यांना नावानं हाक मारीत नसे. चावडीत असो, लग्नात असो, "या, धूळवाले पाव्हणं!" अशी आरोळी यायची आणि मांडव हसायचा.

तात्याही ऐकणारे नव्हते. खूण हलली, खूण हलली, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की पाचव्या वर्षी त्यांना ती हलताना डोळ्यांनी दिसायला लागली.

असा हा पायाला भिंगरी लावलेला माणूस यंदा डावी कूस धरून बसला. बसला म्हणजे बसवत नव्हतंच. बसलं की दुखायचं म्हणून उठायचे, उठलं की दुखायचं म्हणून चालायचे, चालून चालून अंगणात वाट पडली. शेवटी बायको कौसल्या त्यांना दंडाला धरून बारामतीला घेऊन गेली.

मुतखड्याच्या डॉक्टर राजलक्ष्मी वयानं चाळिशीच्या आतल्या. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेल्या, वडील कारखान्यात लेथवर, त्यामुळं कुठलीही गोष्ट मापानं सांगायची त्यांना खोड. त्यांनी सिटी स्कॅन उजेडात धरला.

"तात्या, उजवी किडनी सुकलीय. पूर्वी कधी तिकडं दुखलं होतं?"

"दुखलं व्हतं की. कुळथाचं कढण पिलो, पानफुटीची पानं चावली. थांबलं."

"दुखायचं थांबलं. किडनीही थांबली," डॉक्टर म्हणाल्या. "आता डावीत खडा आहे. साडेचार सेंटिमीटर. हरणाच्या शिंगासारखा, फांद्या फुटलेला. आणि सगळा भार या एकीवरच आहे. ही गेली तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला इथं यावं लागेल. जन्मभर. दिवसाला पाणी किती पिता?"

तात्या छताकडं बघायला लागले. कौसल्या बोलली, "पाणी? अवो मॅडम, दिवसाला धा कप च्या. पाणी निस्तं लोकान्ला दावत्यात."

मग डॉक्टरांनी समजावलं. पोट फाडायचं नाही. पाठीतून बोट जाईल एवढं भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण किडनीत न्यायची, खडा आतल्या आत फोडायचा आणि तुकडे त्याच वाटेनं बाहेर काढायचे.

तात्या खुर्चीतून अर्धे उठले. "म्हंजी बोरच की!"

"तसंच समजा."

"पॉइंट कोण काढणार?"

"मी."

"कशावर?"

"एक्स-रेच्या मशीनवर. खालून किडनीत औषध सोडायचं, ते पडद्यावर दिसतं. त्यावर सुई धरायची."

"आन् चुकला तर?"

"चुकला तर कळतं. सुई काढायची, पुन्हा बघायचं, पुन्हा घालायची."

एवढं सांगून डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली. पण तात्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. 'मी' असं त्या बाईनं किती झटक्यात सांगितलं! हा झटका तात्यांच्या ओळखीचा होता. शेतमालक विचारायचा, "तात्या, लागंल ना?" आणि तात्या याच झटक्यात म्हणायचे, "शेंडी उभी ऱ्हायली म्हंजी लागलंच." आतून मात्र, नारळ आपणहून उभा राहतो की हाताचं मनगट त्याला उभा करतं, याचा निकाल तात्यांना चाळीस वर्षांत लागला नव्हता. म्हणून तर उद्या नेहमी नरसिंहपूर असायचं.

निघताना सिस्टर निकितानं कागद हातात दिला. "बुधवारी दाखल व्हायचं. गुरुवारी स्वच्छ आंघोळ, मग डाव्या बाजूला आम्ही पेनानं खूण करतो आणि आत नेतो."

"पेनानं?"

"हो आजोबा, पेनानं."

तात्यांनी एसटीत बसल्यापासून सुरू केलं. पेनाची खूण घामानं जाती. पुसली की चुकीच्या जागी बोर. "कौसल्ये, पालथं निजवल्यावर डावं कुठं येतं गं?"

"हाय तितंच येतं."

"तितंच कसं येईल? उलटा झालो की न्हाय मी?"

"तुमी जलमापास्नं उलटंच हाय. आता गप बसा, लासुर्णं आलं."

गप बसणं जमणारं नव्हतं. गावात तर बातमी आधीच पोचलेली. "तात्या, केवढा खडा?" जो तो विचारी. रविवारी तात्यांनी लिंबाएवढा सांगितला. सोमवारी सकाळी तो डाळिंबाएवढा होता आणि संध्याकाळी नारळाएवढा. मंगळवारी लोक त्यांच्या पोटाकडं बघून रस्ता सोडायला लागले. दिवसा तात्या अशा गप्पा हाणत, पण हात सारखा पाठीमागं जाई आणि चाचपून बघी, आपला पॉइंट कुठं असेल.

मंगळवारी दुपारी त्यांचं ठरलं. सोप्यावर पोतं अंथरून ते पालथे निजले आणि कौसल्येला नारळ दिला.

"माझ्या पाठीवर धर. तळव्यावर आडवा. हळू हळू फिरव. उभा ऱ्हायला की थांब."

"येडबिड लागलंय का तुमाला? माझं दूध हाय चुलीवर."

"माझी एकच किडनी ऱ्हायलीय आन् तुला दुधाचं पडलंय!"

कौसल्या नारळ घेऊन वाकली. डावीकडं खाली फिरवला, वर फिरवला. नारळ बापडा आडवाच. तात्या पोत्यातून विचारत होते, "झाला का? झाला का?" तेवढ्यात चुलीवर चर्र झालं.

"हितं!" कौसल्या ओरडली. "हितं झाला उभा!"

"बोट ठेव! हलवू नगं! आता बिब्बा आण."

परीट धोतराच्या कोपऱ्याला बिब्ब्याची खूण करतो. धोतर विरून जातं, खूण जात नाही. तात्यांना तशीच खूण पाहिजे होती. आंघोळीनं जाणार नाही, घामानं हलणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, खूण सरकली. कौसल्येनं सुईला बिब्बा टोचला, निखाऱ्यावर धरला, तेल सुटलं तशी तात्यांच्या पाठीवर रुपयाएवढं रिंगण ओढलं आणि आत फुली मारली. तात्यांनी दात खाल्ले, पण त्या दुपारी ते आठवड्यात पहिल्यांदा तासभर एका जागी झोपले.

बुधवारी बारामतीला दाखल झाले तशी खाज सुटली. गुरुवारी सकाळी हिरव्या कपड्यात गुंडाळून त्यांना आत नेलं, पाठीवरचं कापड उचललं, आणि सिस्टर निकिताच्या तोंडातून "अगं बाई!" एवढंच बाहेर आलं. बिब्बा उतला होता. रिंगणाची पुरी झाली होती, लालबुंद, भोवती फोड, फोडातून पाणी.

डॉक्टर आल्या. बघितलं. "हे काय आहे?"

"पॉइंट," तात्या म्हणाले. "तुमचा येळ वाचावा म्हणून."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले. "तात्या, मला सुई घालायची आहे ती याच्या खाली तीन बोटांवर. सुजलेल्या, पाणी सुटलेल्या कातडीशेजारून आत गेले तर इथली घाण थेट किडनीत जाईल. आणि तुमच्याकडं ती एकच आहे. आज काही होणार नाही. तीन आठवडे तरी थांबावं लागेल."

"मग ह्या खुणंतनंच न्हाय का जाता येणार?"

"ही खूण बरगडीवर आहे. इथून गेले तर किडनीच्या आधी फुप्फुस लागेल."

बाहेर आल्यावर तात्यांनी कौसल्येकडं नुसतं बघितलं. कौसल्या पदर नीट करत म्हणाली, "दूध उतू चाललं व्हतं वो. मी म्हनलं, हितंच."

न्यायला आबाजी जीप घेऊन आला होता. सून रडली म्हणून आला, नाहीतर आला नसता, असं तो म्हणाला. सगळी हकीकत ऐकून त्यानं मिशीवर ताव दिला. "लोकांच्या कामात बिब्बा घालणारं लई बघितलं, धूळवाले पाव्हणं. सोताच्या पाठीत घालणारं तुमीच पैले."

पुढचे दिवस तात्यांना कोणत्याच जागेनं ठरू दिलं नाही. पाठ टेकता येईना, कूस दुखायची, पालथं पडलं की नारळ आठवायचा. सकाळी विहिरीवर, तिथून पारावर, पारावरून घरी, घरातून पुन्हा पारावर. गावातली कुत्रीसुद्धा त्यांच्यामागं फिरून कंटाळली. एकदा त्यांनी लोकांना सांगायला तोंड उघडलं, की डॉक्टरीण खड्याला भ्याली म्हणून तारीख पुढं ढकलली. पण वाक्य अर्ध्यावर राहिलं. बरगडीवरची फुली मध्ये आली.

बारमाही खोटं बोलणाऱ्याला खोटं सुचेनासं झालं की समजावं, दुखणं मोठं आहे.

अकराव्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात तात्यांना हुडहुडी भरली. दोन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते, आणि सकाळपासून लघवीला झालं नव्हतं. संजीवनी धावत सासऱ्याकडं गेली. आबाजीनं हातातलं ताट सरकवलं, जीप काढली आणि इंदापूर ओलांडून निमगाव केतकीच्या पुढं येईपर्यंत त्यानं एक शब्द काढला नाही. टोमणा नाही, धूळवाला नाही. नुसता ॲक्सिलरेटर दाबून होता. मागच्या सीटवर वाकळेतून तात्यांनी ते बघितलं, आणि तापापेक्षा त्या गप्प राहण्यानंच ते जास्त भ्याले.

"आबा," ते म्हणाले, "कायतरी बोला की."

"बोलू नगा. गाडी चालवू द्या."

डॉक्टरांनी बघताक्षणी आत घेतलं. खड्यानं वाट अडली होती, मागं तुंबलेल्या लघवीत पू धरला होता. खालच्या वाटेनं आत नळी सरकवली तेव्हा तुंबलेलं सुटलं. दोन दिवस शिरेतून औषधं, मग ताप उतरला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पलंगाशी उभ्या राहिल्या.

"वाचली," त्या म्हणाल्या. "पण काठावर. पाठ बरी होईतो इथंच राहायचं. गावी नाही, पारावर नाही. आणि पाठीला हात लावायचा नाही. कुणीही."

शेवटचा शब्द कौसल्येसाठी होता. कौसल्येनं मान हलवली. पिशवीतला नारळ तिनं त्याच दिवशी फोडून वॉर्डात सगळ्यांना खोबरं वाटलं.

अखेर तो दिवस आला. पाठीच्या कण्यात सुई दिली आणि तात्यांचे पाय गेले. म्हणजे होते तिथंच, पण सांगितलेलं ऐकेनात. मग चौघांनी मिळून त्यांना पालथं केलं, छातीखाली उशा दिल्या, तोंड एका कुशीला वळवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोर सुरू होणार होता आणि महिपती तात्या जागेवर होते. नरसिंहपुरात बोलावणं असतं तरी जाता आलं नसतं.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडद्याची कड दिसत होती. करडं करडं आभाळ, त्यात बरगड्यांचे बांध. मग कुणीतरी म्हणालं, "औषध सोडतोय," आणि त्या आभाळात झाडासारखं काहीतरी हळूहळू काळं उमटत गेलं. बुंधा, मग फांद्या. तात्यांना समजलं, ही आपली किडनी. पाण्याची जागा. आयुष्यभर त्यांनी जमिनीच्या पोटात पाणी कसं दिसत असेल याचा अंदाज बांधला होता. बघितलं ते आज.

"सुई," डॉक्टर म्हणाल्या.

पाठीवर दाब आला. दुखलं नाही, पण कुणीतरी अंगठा टेकवून आत शिरतंय एवढं कळलं. सगळे थांबले. तात्यांनी श्वास धरला.

"आलं?"

"नाही."

तात्यांच्या तोंडातून निघालंच, "मॅडम, जरा खालच्या अंगाला..."

"तात्या, बोलू नका. श्वास चालू ठेवा."

त्यांना वाटलं, आता बाई काहीतरी सांगणार. मशीन बरोबर नाही म्हणणार, पेशंट हलला म्हणणार, खूण सरकली म्हणणार. तात्यांना अशी बारा कारणं तोंडपाठ होती, पडून पडून त्यांनी ती मनात मोजलीसुद्धा. बाईनं एकही सांगितलं नाही. "काढा," एवढंच म्हणाली. मशीन थोडं तिरकं फिरवलं. पडदा बघितला. पुन्हा दाब आला, या वेळी सावकाश, खूप सावकाश. तात्यांच्या डोळ्यांपुढं अकराशे शेतमालक आले. बांधावर उकिडवे बसलेले, मुंडासं हातात घेतलेले, बायकोकडं न बघणारे. हे सगळे असे बसत असतील, आणि आपण तेव्हा सायकलवर.

"आलं," कुणीतरी म्हणालं.

सुईच्या टोकातून थेंब, मग धार. तात्यांना ती दिसली नाही. पण अख्ख्या खोलीनं श्वास सोडलेला त्यांना ऐकू आला, आणि चाळीस वर्षं पेढ्यांच्या पुड्यांतून त्यांना जे कळलं नव्हतं ते त्या एका आवाजात कळलं.

मग वाट रुंद केली, दुर्बीण आत गेली, आणि सुरू झालं टकटकटकटक, टकटकटकटक. बोरच्या गाडीचाच आवाज, चिमणीएवढा. दोन तास खडा फुटत होता. तात्या मध्येच डुलकी लागून घोरले, असं सिस्टर निकिता सांगते. तात्या ते मान्य करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आल्या. तात्यांच्या पाठीत एक नळी होती, तिला पिशवी, पिशवीतलं पाणी लालसर. आबाजी डाळिंबं घेऊन स्टुलावर बसला होता. डॉक्टरांनी छोटी बाटली पुढं केली. तळाशी तांदळाच्या कण्यांसारखे पिवळट तुकडे.

आबाजीनं बाटली हलवली. "ह्योच का तो नारळ?"

"फोडलाय त्यो," तात्या म्हणाले.

"किडनी चांगली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "परवा नळी काढू, आतली नळी तीन आठवड्यांनी. आणि तात्या, एक सांगायचं राहिलं. पहिली सुई चुकली होती. जरा वर गेली. दुसऱ्या वेळी बरोबर बसली."

"मला ठावं हाय. ऐकलं मी."

"ऐकलंत तरी सांगायला पाहिजे ना," असं म्हणून डॉक्टर पुढच्या पलंगाकडं गेल्या.

तात्या बराच वेळ पिशवीकडं बघत राहिले. टपकत होतं एकेक. आबाजी डाळिंब सोलत होता. नळीमुळं तात्यांना उठता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती, नाहीतर हे बोलणं टाळायला ते नक्की कुठंतरी गेले असते.

"आबा," ते म्हणाले, "तुमच्या माळावरची खूण. हलली म्हनलो व्हतो मी."

आबाजीचा हात थांबला.

"हलली का न्हाय हे मी बघितलंच न्हाय कवा. गाडी यायच्या आदल्या रोजी पळालो. धूळ उडाली आसं कानावर आलं, आन् दिलं ठोकून. खूण जागेवरच आसंल. चुकला आसंल पॉइंट."

चार दाणे आबाजीनं स्वतःच्याच तोंडात टाकले. चावून झाल्यावर खिडकीकडं बघत म्हणाला, "हलली व्हती."

"आँ?"

"मीच हलवली. वीस पावलं. तुमची खुंटी नेमकी ट्रॅक्टर वळायच्या जागी आली व्हती. म्हनलं, वीस पावलानं पाण्याला काय फरक पडतोय? मग धूळ निगाली. घरात सांगितलं आसतं तर बायकोनं मलाच त्या बोरात सोडला आसता."

तात्यांनी मारलेल्या हजारो थापांत ही एकच खरी निघाली होती, आणि तीही त्यांना न कळता. ते उठून बसायला गेले, नळीनं मागं ओढलं.

"मग पाच वर्सं मला धूळवाला म्हणत व्हता ते?"

"मोठ्यांदा म्हनलं की लोक खरं मानत्यात. हे तुमच्याकडनंच शिकलो की, तात्या."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं तात्या म्हटलं होतं. कौसल्या पलंगाच्या पायथ्याशी तोंडाला पदर लावून हसत होती. पण तात्यांना हसू आलं नाही. त्यांच्या जिवाला आता नवीन घोर लागला होता, आणि तो कुठल्याही दुर्बिणीनं निघणारा नव्हता. वीस पावलांपलीकडं, त्या पहिल्या जागी, पाणी होतं का?

दीड महिन्यानं, आतली नळी निघाल्यावर, आबाजीनं गाडी बोलावली. पहिली जागा तात्यांनी माळावर पायानंच शोधली, आबाजीनं दाखवलेल्या अंगाला जुन्या बोरपासून वीस पावलं मोजून. नारळ नेला नव्हता. एका हातात पाण्याची दोन लिटरची बाटली होती. कौसल्येचा हुकूम होता, रिकामी झाल्याशिवाय घरात यायचं नाही.

गाडीनं धडधड सुरू केली. पन्नास फूट. शंभर फूट. वर धूळ. दीडशेला धूळ. तात्यांचे पाय आपोआप सायकलकडं वळले. दोन पावलं गेलेही.

"काय, नरसिंहपुरात बोलावणं हाय का?" आबाजीनं बांधावरून विचारलं.

तात्या परत आले आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसले. "न्हाय. आज हितंच हाय."

बसवत मात्र नव्हतं. ते तीनदा उठून बाभळीमागं गेले, पण ते वेगळ्या कामासाठी. कळ नाही, जळजळ नाही, खळखळून. दोनशे सत्तर फुटांपर्यंत त्या माळावर जे काही पाणी दिसलं ते तेवढंच. दर वेळी धोतर सावरत ते परत येत, आणि दर वेळी आबाजी वळून बघे, सायकल जागेवर आहे ना.

तिसऱ्या खेपेनंतर आबाजीनं धुळीनं माखलेलं तोंड त्यांच्याकडं वळवलं. "तात्या, खरं सांगा. लागंल?"

जिभेच्या टोकावर चाळीस वर्षांचं उत्तर तयार होतं. तात्यांनी रिकाम्या तळव्याकडं बघितलं.

"मला ठावं न्हाय, आबा."

"मग थांबलाय कशाला?"

"न्हाय लागलं तर दुसरी जागा बघाया लागंल की."

गाडीवाल्यानं नवा रॉड जोडला. धडधड पुन्हा सुरू झाली, धूळ बाभळीच्या शेंड्यापर्यंत गेली. तात्यांनी एका हातानं डोळे झाकले, दुसऱ्या हातानं बाटलीचं झाकण उघडलं, आणि घटाघटा पाणी प्यायले.